मेश वायफायला पॉवरलाइनची जोड: तीन मजली घर, थ्री फेज, काय जमेल?

गच्चीवरचा

मंडळी, घराची माहिती आधीच देतो, म्हणजे उलट प्रश्नांत वेळ जायला नको.

कोल्हापूर. तळमजला अधिक दोन मजले, नऊ इंची विटांच्या भिंती, आरसीसी स्लॅब. वायरिंग कन्सील्ड, तार तांब्याची, प्रत्येक बोर्डाला अर्थिंग. महावितरणचं थ्री फेज कनेक्शन. फायबरचा ओएनटी (कंपनीचा फायबर मोडेम) तळमजल्याच्या हॉलमध्ये, प्लॅन २०० एमबीपीएसचा. मेशचे तीन डबे, ड्युअल बँड, एसी १२०० वर्गातले, प्रत्येकाला दोन गिगाबिट पोर्ट. एक हॉलमध्ये, दुसरा पहिल्या मजल्यावर, तिसरा दुसऱ्या मजल्यावरच्या कामाच्या खोलीत.

हॉलमध्ये पूर्ण वेग मिळतो, पहिल्यावर ७०-८०, दुसऱ्यावर १५ ते २०. व्हिडिओ कॉल तुटतो. भिंत फोडायची नाही, नुकताच रंग झालाय. एव्ही १००० ची पॉवरलाइन जोडी (घरातल्या विजेच्या तारांवरूनच नेटवर्क नेणारे दोन अ‍ॅडाप्टर) घ्यायचा विचार आहे. त्यावर मेशचा तिसरा डबा चालेल का, जोडायचा कसा, आणि पहिल्या मजल्यासाठीही एक घ्यावा का?

वायरमनकाका

मागवू नका इतक्यात. आधी डीबीचं (एमसीबी असतात त्या वीजपेटीचं) दार उघडून कुठला मजला कुठल्या फेजवर आहे ते बघा. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे.

थ्री फेज घरात लोड वाटायचा म्हणून बहुतेक वायरमन एक मजला एका फेजवर टाकतात. विजेच्या दृष्टीने ते बरोबरच. पण पॉवरलाइनचा सिग्नल फेज आणि न्यूट्रल यांच्या जोडीवरून धावतो. फेज तीन: आर, वाय आणि बी. एक अ‍ॅडाप्टर आर फेजवर आणि दुसरा बी वर असेल, तर दोघांच्या फेज तारा कुठेच एकमेकींना भेटत नाहीत. सिग्नल पलीकडे जातो तो एकाच पाइपातून शेजारी शेजारी गेलेल्या तारांमधून पाझरून. काही घरांत तेवढ्यावर काम भागतं, काहींत लिंकच धरत नाही. पाहून सांगता येत नाही.

तपासायची रीत: प्रत्येक बोर्डात एक नाइट लॅम्प किंवा मोबाइल चार्जर लावा. डीबीतला एकेक एमसीबी पाडा आणि काय काय विझलं ते कागदावर लिहा. टीपीएन (तीन फेज आणि न्यूट्रलवाली) डीबी असेल तर प्रत्येक फेजची रांग वेगळी असते, तारा लाल, पिवळ्या, निळ्या. झाकणाचे स्क्रू काढायची गरज नाही.

दोन बोर्डांच्या फेजच्या भोकांत मल्टिमीटर घालून मोजायला सांगणारे भेटतील. एकच फेज असेल तर शून्याच्या आसपास, वेगळी असेल तर ४०० व्होल्ट. हा उद्योग घरच्या माणसाने करू नये. २३० चा झटका बसला तर माणूस सांगायला तरी उरतो बहुधा, ४०० ची गोष्ट निराळी.

आणि फेज सिलेक्टर आहे का? एक फेज गेली की मजला दुसऱ्या फेजवर फिरवायचा गोल खटका? तो असेल तर कुणी फिरवला की तुमच्या लिंकचा वेग बदलणार, हे आत्ताच लक्षात ठेवा. नाहीतर दोन महिन्यांनी इथे ‘आपोआप स्लो झालं’ म्हणून नवा धागा काढाल.

मेगाबिट

काकांच्या मुद्द्याला हजार टक्के अनुमोदन. मी नेटवर्कची बाजू लिहितो.

खोक्यावरचा आकडा आधी विसरा. एव्ही १००० म्हणजे जाणं-येणं मिळून प्रयोगशाळेतली कच्ची गती. पॉवरलाइन हाफ डुप्लेक्स आहे: एका वेळी एकच बोलतो, बाकीचे ऐकतात. कंपनीच्या युटिलिटीत जी लिंक गती दिसते, तिच्या साधारण निम्मी प्रत्यक्ष फाइलला मिळते. एकाच फेजवर, बऱ्या वायरिंगवर, एव्ही १००० च्या जोडीकडून १०० ते २०० एमबीपीएस मिळाले तर समाधान मानावं. एव्ही ६०० च्या बहुतेक मॉडेलांचं पोर्टच १०० एमबीपीएसचं असतं, त्यामुळे तिथे ९५ च्या वर आकडा दिसणारच नाही, तारा सोन्याच्या असल्या तरी.

एव्ही १२०० आणि वरच्या वर्गात मिमो असतं, म्हणजे फेज-न्यूट्रलसोबत अर्थची तारही सिग्नलला वापरली जाते. त्यासाठी अ‍ॅडाप्टरची अर्थ पिन खरोखर अर्थला टेकायला हवी. इथे एक गोम आहे. बाहेरून आलेल्या अनेक जोड्यांचा प्लग युरोपियन असतो: दोन गोल पिना, अर्थ कडेच्या पत्रीवर. आपल्या सॉकेटमध्ये त्या पिना जातात, पण अर्थ कुठेच लागत नाही. मग मिमोचे पैसे देऊन साध्या दोन तारांवर चालवायचं. भारतीय तीन पिनांचा प्लग असलेलीच जोडी घ्या. युरोपियन पत्रीला अर्थ देणारा कन्व्हर्टर मिळतो, पण दुकानात मिळणाऱ्या बहुतेक ‘युनिव्हर्सल’ कन्व्हर्टरात तिथे नुसतं प्लास्टिक असतं. शिवाय कन्व्हर्टरमध्ये जड अ‍ॅडाप्टर लोंबकळतो, सैल पडतो आणि ठिणग्या मारतो.

आता मेश. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. मेशच्या डब्याला पॉवरलाइन ‘दिसत’ नाही. त्याला दिसते फक्त एक लॅन केबल, तीही गिगाबिटची, कारण अ‍ॅडाप्टरच्या पोर्टाशी त्याचं बोलणं गिगाबिटवर होतं. पुढे भिंतीत ४० एमबीपीएसच जातायत याची त्याला गंधवार्ता नसते. आणि टीपी-लिंकच्या डेकोसह बहुतेक मेश संच केबल लागली की वायरलेस बॅकहॉल (डब्या-डब्यांतला आपसातला दुवा) बाजूला ठेवून केबलच धरतात. म्हणजे तुमच्या पहिल्या मजल्यावर वायफायने ७०-८० मिळतायत, तिथे कमजोर पॉवरलाइन जोडली तर वेग वाढायच्या ऐवजी ४० वर येईल, आणि अ‍ॅपमध्ये मात्र ऐटीत ‘इथरनेट’ लिहिलेलं दिसेल. असूसच्या एआयमेशमध्ये बॅकहॉलचा प्राधान्यक्रम हाताने ठरवता येतो. सगळ्यांत ती सोय नाही.

म्हणून पहिल्या मजल्याला हात लावू नका. वायफायचा एक टप्पा तिथे नीट पोचतोय. दुसऱ्या मजल्यावर दोन टप्पे होतात, आणि ड्युअल बँड संचात डबा त्याच ५ गिगाहर्ट्झवर मोबाइलशीही बोलतो आणि मागच्या डब्याशीही, त्यामुळे दर टप्प्याला वेग निम्म्याच्या आसपास उतरतो. वर दोन स्लॅब. तुमचे १५-२० तिथून आले. पॉवरलाइन हवी ती फक्त तिथे.

पाइपवाला

थोडा विरोधी सूर लावतो. पॉवरलाइन म्हणजे जुगार. कन्सील्ड घर आहे ना? मग टीव्हीच्या केबलचा किंवा जुन्या लँडलाइनचा पाइप खोल्याखोल्यांतून गेलेला असणार. डीटीएचची छत्री गच्चीत असेल तर कोअ‍ॅक्स गच्चीतून हॉलपर्यंत उतरलीच आहे. ती कोअ‍ॅक्स दोरीसारखी वापरायची: एका टोकाला कॅट ६ आणि सोबत नायलॉनची दोरी टेपने घट्ट बांधायची, सांधा निमुळता करायचा, दुसऱ्या टोकाने एकाने ओढायचं आणि इकडून दुसऱ्याने ढकलायचं. पाइपात साबणाचं पाणी नको, वायर खेचायचं जेल किंवा टाल्कम पावडर. १०० मीटरपर्यंत गिगाबिट, कुणाचा मिक्सर लागो न लागो. विजेच्या तारांच्या पाइपात मात्र कॅट ६ घालू नका, वायरमन ‘काही होत नाही’ म्हणाला तरी. तिथे प्रश्न वेगाचा नाही, इन्शुलेशन गेलं तर २३० व्होल्ट तुमच्या लॅपटॉपात येण्याचा आहे.

पाइप मोकळा आहे की नाही हे पाहायला अर्धा तास लागतो. अ‍ॅडाप्टर मागवायच्या आधी तो अर्धा तास घालवा.

गच्चीवरचा

@पाइपवाला, टीव्हीचा पाइप आहे, पण गच्चीवरून फक्त हॉलमध्ये उतरतो. कामाच्या खोलीत त्याचा बॉक्स नाही. लँडलाइनचा पाइप पहिल्या मजल्यावर कुठेतरी चेमटलाय, स्प्रिंग आठ-दहा फुटांवर अडते.

@वायरमनकाका, एमसीबी पाडून यादी केली. हॉलचे प्लग आर फेजवर, पहिला मजला वाय, दुसरा मजला बी. अपवाद एकच: कामाच्या खोलीतला एसीचा पॉइंट आर वर निघाला. फेज सिलेक्टर नाही. तर एसीच्या पॉइंटमध्येच अ‍ॅडाप्टर लावू का?

वायरमनकाका

एसीचा पॉइंट नको. एक तर तो १६ अँपिअरचा, नुसता मोठ्या पिनांचा असेल तर अ‍ॅडाप्टर बसणार नाही. दुसरं, तिथून एसी काढून उन्हाळ्यात काय करणार? तिसरं, इन्व्हर्टर एसी स्वतःच त्या तारेवर गोंगाट करतो. अ‍ॅडाप्टर अगदी त्याच्या तोंडाशी बसवणं म्हणजे बँडवाल्याशेजारी बसून फोनवर बोलणं.

सरळ मार्ग: दुसऱ्या मजल्याचं प्लगचं सर्किट बी वरून आर वर घ्या. लायसनधारक वायरमनला डीबीत पंधरा मिनिटांचं काम. त्याला दोन गोष्टी बजावून सांगा.

पहिली, आर फेजवर आधीच किती लोड आहे ते बघ. गीझर आणि एसी दोन्ही आर वरच असतील तर त्यातला एक बी वर टाकून तोल साध.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. काही डीबीत प्रत्येक फेजला वेगळी आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा खटका) असते. तसं असेल तर नुसती फेजची तार हलवून चालत नाही, त्या सर्किटची न्यूट्रलही त्याच आरसीसीबीच्या न्यूट्रल पट्टीवर न्यावी लागते. फेज एका आरसीसीबीतून गेली आणि न्यूट्रल दुसरीतून परतली, की लोड लावताक्षणी दोन्ही ट्रिप. मग लोक दोष अ‍ॅडाप्टरला देतात.

फेज हलवणं शक्यच नसेल तर फेज कपलर म्हणून कपॅसिटरचा डबा डीबीत तीन फेजच्या मध्ये बसवतात. वस्तू खरी आहे, पण तिला ४०० व्होल्टचे सेफ्टी दर्जाचे कपॅसिटर आणि स्वतःचा एमसीबी लागतो. लोकल दुकानातून साधे पंख्याचे कपॅसिटर आणून हा प्रयोग कुणी करू नये. फेज हलवणं सोपं आणि फुकट.

बॅकअप

इन्व्हर्टरचं कुणी बोललंच नाही अजून! घरात इन्व्हर्टर आहे का? बहुतेक घरांत दिवे-पंखे आणि एखादा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर असतो, बाकी थेट मेनवर. एक अ‍ॅडाप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि दुसरा मेनवर असेल तर दोन त्रास. वीज असतानाही सिग्नलला इन्व्हर्टरच्या आतून किंवा वळसा घालून जावं लागतं. आणि वीज गेली की मेनवरचा अ‍ॅडाप्टर मेला, लिंक गेली. राउटर मात्र इन्व्हर्टरवर चालू, म्हणून माणूस तासभर कंपनीच्या कस्टमर केअरशी भांडत बसतो.

दोन्ही एकाच बाजूला ठेवा, शक्यतो इन्व्हर्टरच्या. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हवाला असेल तर लोडशेडिंगमध्ये लिंक पडेल किंवा रांगेल, कारण पॉवरलाइन विजेच्या लहरींशी ताल धरून चालते: ५० हर्ट्झवर दर दोन आवर्तनांना, म्हणजे ४० मिलिसेकंदांनी, एक बीकन. लहर वेडीवाकडी झाली आणि वर गोंगाट आला की ताल चुकतो. शुद्ध साइन वेव्हवर सहसा ठीक.

राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो इथे उपयोगाचा नाही. अ‍ॅडाप्टरला २३० व्होल्टच लागतात.

मेगाबिट

बॅकअपशेठचा मुद्दा सोळा आणे. आता जोडणीचा क्रम लिहितो. मोठं आहे, पण क्रम चुकला की दिवस जातो.

मेश आधी पूर्ण वायरलेस उभा करा, तिन्ही डबे हॉलमध्येच जवळजवळ ठेवून. अ‍ॅपमध्ये तिन्ही हिरवे दिसले आणि फर्मवेअर अपडेट झालं की मगच पुढे.

मग अ‍ॅडाप्टरचं लग्न लावा, तेही हॉलमध्ये, शेजारच्या दोन सॉकेटमध्ये. एकाचं पेअर बटण एक सेकंद दाबायचं, दिवा लुकलुकू लागतो, दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं दाबायचं. बटण जास्त वेळ दाबून ठेवलं तर काही मॉडेलांत जुनी ओळख पुसली जाते. पेअर न करताही दोन नवे अ‍ॅडाप्टर एकमेकांना ओळखतात, कारण कारखान्यातून सगळ्यांची चावी एकच असते. म्हणूनच पेअरिंग टाळू नका. ते केल्यावर खासगी चावी तयार होते आणि मजकूर १२८ बिट एईएसने झाकला जातो. ओळख अ‍ॅडाप्टरमध्येच साठते, काढून वर नेला तरी टिकते.

आता एक अ‍ॅडाप्टर वरच्या खोलीत न्या, पण मेशचा डबा जोडू नका. त्याच्या केबलला लॅपटॉप लावा. खाली मुख्य मेश डब्याला दुसरा लॅपटॉप, आणि दोघांमध्ये आयपर्फ (दोन संगणकांमधला वेग मोजणारा प्रोग्राम) चालवा. किमान एक मिनिट, दोन्ही दिशांनी. स्पीड टेस्टच्या वेबसाइटवर तुमचा प्लॅनही मोजला जातो, इथे फक्त भिंतीतली तार मोजायची आहे. दोन्ही दिशांत फरक दिसला तर ज्या टोकाकडे जाताना वेग पडतो, त्या टोकाजवळ गोंगाट करणारं काहीतरी लागलेलं आहे. हे मोजमाप दुपारी एकदा आणि रात्री आठला सगळे दिवे, टीव्ही, चार्जर चालू असताना एकदा. रात्रीचा आकडा खरा धरायचा.

रात्रीचा आकडा वायरलेसच्या १५-२० पेक्षा चांगला वरचढ असेल तरच मेशचा डबा जोडा. डबा बंद करा, केबल लावा, चालू करा. दोन-तीन मिनिटांत अ‍ॅपमध्ये बॅकहॉल इथरनेट दिसायला हवा.

खालचा अ‍ॅडाप्टर कुठल्या पोर्टात? मुख्य मेश डबा राउटर मोडमध्ये असेल तर त्याच्याच लॅन पोर्टात, ओएनटीच्या पोर्टात अजिबात नाही. ओएनटीत लावला तर वरचा डबा मेशच्या बाहेरच्या नेटवर्कला जाऊन भिडतो. मग एक तर तो मेशमधून हरवतो, नाहीतर वायरलेसने एकीकडे आणि केबलने दुसरीकडे जोडला जाऊन लूप होतो आणि अख्ख्या घराचं इंटरनेट गुदमरतं. मेश अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये (राउटरचं काम ओएनटीकडे, मेश फक्त वायफाय पसरवतो) असेल तर ओएनटीच्या पोर्टातही चालतं, सगळं एकच नेटवर्क असल्यामुळे. ओएनटी स्वतः राउटर असेल आणि मेशही राउटर असेल तर डबल नॅट होतं, म्हणजे एकामागे एक दोन राउटर. मेश अ‍ॅक्सेस पॉइंटवर टाकला की ते मिटतं.

मुख्य डब्याचे दोन्ही पोर्ट भरले असतील तर मध्ये साधा अनमॅनेज्ड गिगाबिट स्विच. डेको इथरनेट बॅकहॉल ओळखायला आयईईई १९०५.१ चे पॅकेट वापरतो आणि काही स्विच ते पुढे जाऊ देत नाहीत. केबल लावूनही बॅकहॉल वायरलेसच दिसत असेल तर पहिल्यांदा स्विच काढून बघा.

खटका

दोन भर.

अ‍ॅडाप्टर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये. स्पाइक गार्डमध्ये नाही, एक्स्टेन्शन बोर्डात नाही. स्पाइक गार्डमधला फिल्टर उच्च वारंवारतेचा गोंगाट गाळायलाच बसवलेला असतो, आणि पॉवरलाइनचा सिग्नल त्याच्या दृष्टीने गोंगाटच: जुन्या एव्ही मानकात साधारण २ ते ३० मेगाहर्ट्झ, नव्या एव्ही २ मध्ये ८६ मेगाहर्ट्झपर्यंत.

याच गोष्टीचा उलटा उपयोग करा. गोंगाट करणारी वस्तू स्पाइक गार्डमध्ये घाला, म्हणजे तिचा कचरा तिथेच अडतो. सगळ्यात वाईट असतात स्वस्त मोबाइल चार्जर, हलके एलईडी दिवे आणि दिव्याचे डिमर. गीझर दिसायला दांडगा, पण नुसती कॉइल असल्यामुळे गोंगाट करत नाही. मिक्सर चालू असेपर्यंतच त्रास देतो.

गच्चीवरचा

अपडेट. वायरमनने दुसऱ्या मजल्याचे प्लग आर वर घेतले. डीबीत आरसीसीबी एकच होती, त्यामुळे न्यूट्रल हलवावी लागली नाही. गीझर बी वर गेला. इन्व्हर्टर आहे, साइन वेव्हवाला, पण त्याच्यावर फक्त दिवे-पंखे. दोन्ही अ‍ॅडाप्टर मेनवरच ठेवलेत.

आयपर्फ, दुपारी: खालून वर १४०, वरून खाली १५०. रात्री साडेआठला: खालून वर ५५, वरून खाली १३५. वायरलेसपेक्षा बरं आहेच, पण ५५ का?

मेगाबिट

उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. वर येतानाच वेग पडतोय, म्हणजे गोंगाट वरच्या अ‍ॅडाप्टरजवळ. आयपर्फ चालू ठेवा आणि कामाच्या खोलीतली एकेक वस्तू प्लगमधून काढत जा. नुसतं बटण बंद करू नका. काही जुन्या बोर्डांत बटण न्यूट्रलवर जोडलेलं असतं, मग वस्तू बंद दिसते पण फेजला चिकटलेलीच राहते.

वायरमनकाका

न्यूट्रलवर बटण असणं ही वायरिंगची चूक आहे बरं का, पॉवरलाइनपुरता प्रश्न नाही. सापडलं तर दुरुस्त करून घ्या.

गच्चीवरचा

सापडलं. टेबलाखालचा एक्स्टेन्शन बोर्ड, त्यात दोन बिननावाचे चार्जर आणि टेबल लॅम्पचा एलईडी ड्रायव्हर. तिन्ही काढल्यावर १३०. लॅम्प परत लावला तर ११५, चार्जर परत लावले की पुन्हा ६० च्या आत. चार्जर फिल्टरवाल्या स्पाइक गार्डमध्ये घातले: १२०. तिसरा डबा जोडला, अ‍ॅपमध्ये इथरनेट दिसतंय, खोलीत मोबाइलवर १०० च्या वर. पहिला मजला सांगितल्याप्रमाणे वायरलेसच ठेवला.

फ्लॅटकर

धाग्यावर जरा आडवं येतो. ठाण्यात दोन बीएचके फ्लॅट, सिंगल फेज. शेजाऱ्याकडेही पॉवरलाइन आहे असं कळलं. सिग्नल मीटरपाशी थांबतो ना?

मेगाबिट

थांबत नाही. मीटरपाशी बराच क्षीण होतो एवढंच. एकाच फेजवरचे दोन शेजारी, तारा एकाच डक्टमधून, आणि दोघांनी पेअरिंग केलेलं नाही, तर कारखान्याच्या चावीवर तुमचा अ‍ॅडाप्टर शेजाऱ्याच्या नेटवर्कला चिकटू शकतो. बटण दाबून खासगी चावी केली की तो प्रश्न मिटतो. वेगाची वाटणी मात्र राहते, कारण तार एकच, आणि एक बोलत असताना दुसऱ्याला थांबावं लागतं.

शेजाऱ्याची जोडी जी.एचएन ची (पॉवरलाइनचंच दुसरं मानक) असेल तर वेगळी कटकट. एव्ही २ आणि जी.एचएन एकमेकांची भाषा जाणत नाहीत, पण वारंवारता तीच वापरतात. दोघेही एकमेकांना गोंगाट म्हणून ऐकतात. स्वतःच्या घरात तरी दोन जाती मिसळू नका. एव्ही ५००, ६००, १००० हे आपसांत बोलतात, वेग कमी क्षमतेवाल्याचा.

आणि दोन बीएचकेला पॉवरलाइन कशाला? मेशचा दुसरा डबा पॅसेजमध्ये, दारांच्या रेषेत ठेवून बघा आधी. भिंतींमधून आरपार जाण्यापेक्षा उघड्या दारांतून वायफाय बरं जातं. तीन मजली घरातही जिन्याच्या लँडिंगवर डबा ठेवला की कधीकधी पॉवरलाइनची गरजच उरत नाही. खरं तर हे मी गच्चीवरच्यांना पहिल्याच प्रतिसादात विचारायला हवं होतं.

गच्चीवरचा

जिना बाहेरून आहे.

मेगाबिट

मग सुटलो.

जांभ्याचं घर

आमचं रत्नागिरीकडचं जुनं घर, जांभ्याच्या दीड फुटी भिंती, एक खोली ओलांडली की वायफाय शून्य. वायरिंग लाकडी केसिंग-कॅपिंगचं, दोनच तारा, अर्थिंग नाही. वायरिंग बदलायचंच आहे. तोवर पॉवरलाइन लावावी का?

वायरमनकाका

नाही. दोन तारांवर सिग्नल जाईलही, पण जुन्या केसिंगमधले सांधे पिळून टेप मारलेले असतात. सैल सांधा सिग्नलही खातो आणि तापतोही. अ‍ॅडाप्टर चोवीस तास लागलेला, स्वतः कोमट होणारा. तुमचं वायरिंग बदलणारच आहे, तर त्याच वेळी प्रत्येक खोलीत विजेच्या पाइपापासून वेगळा २० मिलिमीटरचा पाइप आणि कॅट ६ टाकून घ्या. पाइपाला कोपरे कमी आणि वळणं गोल, म्हणजे पुढे तार बदलता येते. आत्ताच्या आत्ता हवंच असेल तर बाहेरून वळचणीखालून आउटडोअर कॅट ६ न्या. काळं पॉलिथिन आवरण असलेलीच, घरातली पांढरी केबल उन्हात दोन वर्षांत कडकडते.

पाइपवाला

काका, शेवटी कॅट ६ वर आलातच की!

वायरमनकाका

नवं वायरिंग असेल तर कॅट ६ च. मी कधी नाही म्हटलं?

गच्चीवरचा

एक शेवटचं. काल दोनदा वीज गेली. परत आल्यावर तिसरा डबा अ‍ॅपमध्ये वायरलेसवर दिसतोय, वेग पुन्हा २० वर. अ‍ॅडाप्टरचे दिवे सगळे हिरवे.

खटका

सगळं एकदम चालू झालं, पण अ‍ॅडाप्टरना एकमेकांना शोधून लिंक धरायला मिनिटभर लागतं. तोवर मेशच्या डब्याने केबलवर कुणी नाही असं पाहून वायरलेस धरला. बरेच संच थोड्या वेळाने स्वतःहून केबलवर परततात, तुमचा तसाच अडकून बसला असेल तर वरच्या डब्याची लॅन केबल काढून दहा सेकंदांनी परत लावा. तेवढ्याने तो पुन्हा शोध घेतो. युटिलिटीत पॉवर सेव्हिंग चालू असेल तर बंद करा. केबलवर काही मिनिटं हालचाल नसली की अ‍ॅडाप्टर झोपतो, आणि डबा रीस्टार्ट होत असताना नेमकं तेच घडू शकतं.

दिवा हिरवा आहे यावर जाऊ नका. काही कंपन्यांत लिंक गती ८० च्या वर गेली की हिरवा लागतो, म्हणजे प्रत्यक्षात ४० असले तरी हिरवाच.

गच्चीवरचा

केबल काढून लावली, इथरनेटवर आला. पॉवर सेव्हिंग चालू होतं, बंद केलं. रात्री मुद्दाम मेन पाडून बघतो.

गच्चीवरचा

मेन दोनदा पाडला. दोन्ही वेळा तीन मिनिटांच्या आत स्वतःहून इथरनेटवर आला. आयपर्फ ११८. बायकोने मात्र सीरियलच्या वेळी मेन पाडल्याची नोंद घेतली आहे.